मेरी एलन मार्कची माणसं कॅमेऱ्याकडे का बघतात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही या हंगामात गावाबाहेरच्या वीटभट्टीवर फोटो काढायला जाताय. मेरी एलन मार्क या अमेरिकन फोटोग्राफरचं काम पाहून हुरूप आला आणि सुरुवात केलीत. पण तुमच्या फोटोतली माणसं कॅमेरा दिसला की ओळीत उभी राहून हसतात, आणि त्यांच्या नकळत टिपली तर केविलवाणी दिसतात. तिच्या फोटोंत असते ती जवळीक यायला कोणती लेन्स घ्यावी, असं विचारलंत. शिवाय एका ज्येष्ठ फोटोग्राफरने तुम्हाला सांगितलं की या बाईने गरिबीचं प्रदर्शन मांडलं, तिच्या नादी लागू नका. त्यात तथ्य किती, हेही तुम्हाला हवंय.

मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. माणूस फोटोत कसा दिसतो हे बरंचसं तुम्ही त्याच्या दारात कोण म्हणून उभे आहात आणि किती दिवस येत राहणार आहात, यावर ठरतं. जवळीक तिथूनच येते आणि प्रदर्शनाचा आरोपही तिथूनच येतो. मार्कच्या पन्नासेक वर्षांच्या कामाकडे मी याच बाजूने बघत आलेय, म्हणून उत्तरही त्याच वाटेने देते.

एक गोष्ट आधीच सांगते. तुमच्या भट्टीवर नेमकं काय चालेल हे इथे बसून सांगता येणार नाही. मालक कसा आहे, कुटुंबांनी मालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलीय का आणि ती किती फिटलीय, तुम्हाला त्यांची बोली येते का, तुम्ही बाई आहात की पुरुष, या सगळ्याने फरक पडतो. उचलीत अडकलेला माणूस 'काढा की फोटो' म्हणाला, तर ते मनापासून की मालक शेजारी उभा आहे म्हणून, हे तुम्हालाच ताडावं लागेल. मी सांगते ते या अंदाजाला पर्याय नाही.

लेन्सचं उत्तर पटकन संपतं. मार्क लायका वापरायची, मध्यम फॉरमॅटचे कॅमेरेही वापरायची, आणि तिचं बहुतेक गाजलेलं काम कृष्णधवल ट्राय-एक्स फिल्मवरचं आहे. डिजिटल आलं तरी ती फिल्म सोडून गेली नाही. तिचा कल वाइड लेन्सकडे होता. वाइड लेन्सने चेहरा मोठा हवा असेल तर हातभर अंतरावर जावं लागतं, आणि हातभर अंतरावर आलेला माणूस समोरच्याला दिसतोच. टेली लेन्सने रस्त्यापलीकडून चेहरा ओढून घेता येतो, पण आपल्याकडे कोणी बघतंय याचा त्या चेहऱ्याला पत्ता नसतो. तुमचे 'केविलवाणे' फोटो बहुधा असेच लांबून काढलेले असणार. विश्रांतीला टेकलेला कोणताही माणूस लांबून टिपला की हताश दिसतो. तुम्ही-मीही तसेच दिसू. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स असेल तर ती चोवीस मिलिमीटरच्या आसपास ठेवा आणि हंगामभर तिथेच राहू द्या. नवीन काही घेऊ नका.

आता ओळीत उभं राहून हसण्याबद्दल. इथे मार्क खरोखर उपयोगी पडते, पण त्यासाठी तिची सुरुवात बघायला हवी.

ती २० मार्च १९४० रोजी जन्मली, फिलाडेल्फियाजवळच्या एल्किन्स पार्कमध्ये. नवव्या वर्षी हातात बॉक्स ब्राउनी कॅमेरा आला. शाळेत ती चिअरलीडर मुलींची प्रमुख होती, म्हणजे लोकांसमोर ठसक्यात उभं राहणं म्हणजे काय हे तिला आतून माहीत होतं. (हा माझा तर्क आहे, पण तिचे फोटो पाहताना तो सुटत नाही.) पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९६२ साली चित्रकला आणि कलेतिहासाची पदवी, तिथूनच दोन वर्षांनी फोटोजर्नलिझमची पदव्युत्तर पदवी, आणि १९६५ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर तुर्कस्तान.

तुर्कस्तानात, काळ्या समुद्रावरच्या त्राब्झोन शहरात, तिने एमिने नावाच्या एका लहान मुलीचा फोटो काढला. मुलगी वयाला न शोभणाऱ्या ऐटीत उभी आहे, एखाद्या नटीसारखी. हा चोरून टिपलेला क्षण नाही, मुलगी पोज देतेय. फोटोच्या शीर्षकातच तसं म्हटलंय. मार्कने ती पोज मोडली नाही. आपल्याकडे फोटोग्राफी शिकवताना 'पोज म्हणजे खोटं, नकळत टिपलेलं तेवढं खरं' असं मनावर बिंबवलं जातं. मला ते पटत नाही. माणूस स्वतःला जगासमोर कसा मांडू पाहतो, हीसुद्धा त्याच्याबद्दलची पक्की माहिती असते. एमिनेच्या ऐटीत तिचं वय आहे आणि तिला व्हायचं असलेलं वयही आहे. पुढे आयुष्यभर मार्क मोठं होण्याचं सोंग घेणाऱ्या मुलांकडे परत परत वळत राहिली, त्याचं मूळ मला या फोटोत दिसतं.

म्हणून भट्टीवरच्या ओळीला घाबरू नका. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर काम करताना मी पहिल्या दिवशी ओळीतला फोटो मनापासून काढते. सगळ्यांना नीट बसवते, म्हातारीला पुढे घेते, कोणाचा पदर, कोणाची टोपी सारखी होईपर्यंत थांबते. तालुक्याच्या गावी जाऊन प्रिंट काढते आणि पुढच्या खेपेला घरटी एकेक देते. तो फोटो त्यांचा असतो, त्यांच्या मनासारखा. तो हातात पडला की बहुतेकांची उत्सुकता फिटते आणि चुलीवरचं कालवण आठवतं. माझं काम त्यानंतर सुरू होतं.

'त्यानंतर' म्हणजे किती दिवसांनी, हा खरा मुद्दा. मार्कच्या कामात याची दोन ठळक उदाहरणं आहेत.

पहिलं वॉर्ड ८१ चं. १९७५ साली 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट' या चित्रपटाचं चित्रीकरण ओरेगन राज्यातल्या सेलम गावच्या सरकारी मनोरुग्णालयात झालं होतं. मार्क सेटवरचे फोटो काढायला गेली होती. तिथे तिला स्त्रियांचा बंद वॉर्ड दिसला, तोच वॉर्ड ८१. तिच्या वडिलांनाही मनोविकाराचे झटके येऊन गेले होते, त्यामुळे हे जग तिला सर्वस्वी परकं नव्हतं. त्याच चित्रपटात डॉक्टरची भूमिका करणारे डीन ब्रूक्स हे त्या रुग्णालयाचे खरेखुरे प्रमुख. त्यांच्या परवानगीने १९७६ साली मार्क आणि लेखिका कॅरन फोल्गर जेकब्स परत गेल्या आणि ३६ दिवस तिथेच राहिल्या. सकाळी येऊन संध्याकाळी हॉटेलवर परतणं नाही, मुक्कामच तिथे. पुस्तक १९७९ मध्ये आलं. त्यातल्या बायका आंघोळ करतात, चिडतात, एकमेकींच्या गळ्यात पडतात, भिंतीवर चित्रं चिकटवतात. आणि बऱ्याच जणी सरळ कॅमेऱ्याकडे बघतात. त्या नजरेत 'ही कोण?' हा प्रश्न नसतो, तो केव्हाच मिटलेला असतो.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईचं. वेश्यावस्तीचा फॉकलंड रोड मुंबईकराला वेगळा सांगायला नको. कागदोपत्री तो पठ्ठे बापूराव मार्ग आहे. लावणीच्या शाहिराचं नाव मिळूनही तोंडी मात्र जुनंच राहिलं. मार्क १९६८ मध्ये पहिल्यांदा भारतात आली तेव्हाच तिने तिथे फोटो काढायचा प्रयत्न केला. बायकांनी अंगावर पाणी आणि कचरा फेकला, बघ्या पुरुषांनी गराडा घातला. पुढची दहा वर्षं ती जेव्हा जेव्हा भारतात आली तेव्हा तिथे गेली आणि दर वेळी हेच झालं. शेवटी १९७८ च्या ऑक्टोबरात ती काहीही करून हे काम करायचंच असं ठरवून आली. रोज त्या रस्त्यावर उभी राहिली, तिथल्या कॅफेत बसली. शिव्या, टोमणे, हसणं चालूच होतं. मग हळूहळू रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या काही जणींना वाटायला लागलं की ही रोज येते तरी कशाला. बोलणं सुरू झालं. पुढे एका घरवालीशी, म्हणजे कोठा चालवणाऱ्या बाईशी, मैत्री झाली आणि वरच्या मजल्यांचे जिने खुले झाले. तीनेक महिने ती तिथे काम करत होती. १९८१ मध्ये पुस्तक आलं.

त्या दहा वर्षांकडे नीट बघा. फेकलेलं पाणी आणि कचरा हा तिथल्या बायकांचा नकार होता आणि तो योग्यच होता. कोणीतरी परकी बाई गळ्यात कॅमेरा अडकवून येते, तिला का म्हणून काढू द्यायचे फोटो? मार्कने तो नकार चुकवायला खिडकीआडून टेली लेन्स लावली नाही. पुस्तकातल्या फोटोंत ती खोलीच्या आत आहे, खाटेच्या कडेला आहे. आणि हे काम तिने रंगीत केलं. तिच्यासारख्या कृष्णधवलात रमलेल्या बाईने रंग का घेतला, हे फोटो बघताक्षणी कळतं. निळ्या-हिरव्या भिंती, भडक परकर, देवांच्या तसबिरी, पिंजऱ्यासारख्या खोल्यांच्या गजांवरचा उग्र रंग. करड्या छटांमध्ये ही वस्ती नुसती दुःखी दिसली असती. रंगात ती राहती दिसते. स्वयंपाक होतो, वेण्या घातल्या जातात, पोरं झोपतात, आणि त्याच खोलीत धंदाही होतो. कृष्णधवल म्हणजे आपोआप गंभीर, असं समजून भट्टीचे सगळे फोटो घाईने काळे-पांढरे करू नका. विटेचा लाल हा तुमच्या विषयाचा भाग आहे की अडथळा, हे आधी ठरवा.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर, जवळ जायचं, दिसायचं, पहिली पोज आदराने घ्यायची, नकार आला तर तो समोरासमोर झेलायचा आणि परत जायचं. पण हे सगळं केलं की हात मोकळे होतात असं नाही. तुमच्या ज्येष्ठांचा आक्षेप इथेच येतो.

फॉकलंड रोडच्या पुस्तकावर टीका तेव्हाही झाली, आजही होते. अमेरिकेतून आलेल्या गोऱ्या बाईने मुंबईतल्या वेश्यावस्तीचं पुस्तक करून अमेरिकेत छापावं, यात आक्षेप घेण्यासारखं आहेच. मला स्वतःला त्यातली वयस्क बायकांची चित्रं खुपत नाहीत. त्या बघतात, हसतात, वैतागतात. त्यांचं स्वतःचं असं काहीतरी चाललेलं आहे. खुपतात त्या तेरा-चौदा वर्षांच्या मुली, ज्यांचे चेहरे आणि नावं पुस्तकात आहेत. मार्कने ते सत्य लपवायचं नाही म्हणून छापलं असेल. पण त्या मुलीची संमती म्हणजे काय आणि ती कोणी दिली? तिला विकत घेतलेल्या माणसांच्या घरात उभं राहून मिळालेल्या होकाराला मी होकार मानत नाही. तुमच्या ज्येष्ठांचं म्हणणं मला एवढ्यापुरतं मान्य आहे.

मात्र 'गरिबीचं प्रदर्शन' हा सरसकट शिक्का मला मान्य नाही, आणि त्याचं कारण टायनी आहे.

१९८३ साली 'लाइफ' मासिकाने मार्कला आणि चेरिल मॅकॉल या लेखिकेला घरातून पळालेल्या मुलांवर काम करायला पाठवलं. शहर निवडलं सिएटल. राहायला उत्तम शहर असा त्याचा लौकिक होता; तिथेसुद्धा मुलं रस्त्यावर असतील तर दोष एखाद्या बकाल शहराचा म्हणून झटकून टाकता येणार नाही, हा विचार. तिथे मार्कला एरिन ब्लॅकवेल भेटली. रस्त्यावर तिला टायनी म्हणत. वय तेरा, शरीरविक्रय करून जगत होती. लेख जुलै १९८३ मध्ये छापून आला. मग मार्कचा नवरा मार्टिन बेल याने त्याच मुलांवर 'स्ट्रीटवाइज' हा माहितीपट केला. १९८४ च्या या माहितीपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं.

टायनीचा सगळ्यांत गाजलेला फोटो त्याच वर्षीच्या हॅलोविनचा आहे. काळा पोशाख, हातमोजे, टोपीवरून चेहऱ्यावर आलेली जाळी. पॅरिसमधल्या वेश्येचं सोंग तिने स्वतःच निवडलं होतं. हाताची घडी, ओठ मिटलेले, नजर वळवलेली. त्राब्झोनची एमिने आठवते ना? इथेही मुलगी मोठ्या बाईचं सोंग घेऊन उभी आहे. फरक एवढाच की हिच्या बाबतीत ते सोंग रोजचा धंदा आहे. हा फोटो कोणी चोरून काढला असता तर त्यात एक बिचारी मुलगी दिसली असती. टायनी बिचारी दिसत नाही. ती अवघड दिसते, आपल्याला पेलणार नाही अशी.

काम संपल्यावर मार्क आणि बेल यांनी तिला आपल्याबरोबर न्यूयॉर्कला येऊन राहा, असं सुचवलं. अट एकच, शाळेत जायचं. तिने नकार दिला. दोघं परत गेले, पण संबंध तुटला नाही. पुढची तीस वर्षं मार्क तिचे फोटो काढत राहिली: गरोदर असताना, व्यसनात, नव्या घरात, एकामागून एक झालेल्या दहा मुलांसह. त्या कामाचं दुसरं पुस्तक २०१५ मध्ये आलं. त्याच वर्षी २५ मे रोजी रक्ताच्या आजाराने मार्क न्यूयॉर्कमध्ये वारली. टायनीवरचा बेलचा पुढचा माहितीपट २०१६ चा.

तीस वर्षं पाहिल्यावर जे दिसतं ते एका फोटोत दिसत नाही. १९८३ च्या फोटोवरून कोणीही म्हणेल की या मुलीला वाचवा. नंतरचे फोटो म्हणतात की वाचवणं इतकं सोपं नव्हतं, आणि तरी तिचं आयुष्य त्या तेराव्या वर्षावर थांबलंही नाही. ती आई झाली, वैतागली, चाळिशी ओलांडली. प्रदर्शन मांडणारा माणूस एक दृश्य घेऊन निघून जातो. डोरोथिया लँग या अमेरिकन फोटोग्राफरचा १९३६ सालचा कॅलिफोर्नियातल्या स्थलांतरित आईचा फोटो तुम्ही पाहिला असेलच. तिथे लँग अगदी थोडा वेळ थांबली, मोजक्या फ्रेम्स घेतल्या, नावही विचारलं नाही. फोटो अजरामर झाला. ती बाई कोण हे जगाला कळायला १९७८ साल उजाडावं लागलं. लँगला कमी लेखायचं नाही, ती सरकारी कामावर होती आणि त्या फोटोनंतर तिथल्या छावणीत अन्नधान्य पोचलं. पण या दोघींची काम करायची रीत वेगळी आहे, आणि तुम्हाला भट्टीवर कोणती हवी हे तुम्हीच ठरवायचं. एकाच दिवसाची परवानगी असेल तर लँगच्याच रीतीने जावं लागेल. तेव्हा निदान नाव विचारा.

परत जाण्याने नेहमी काही सुधारतं, असा समज करून घेऊ नका. १९८७ मध्ये मार्कने लॉस एंजलिसमध्ये डॅम कुटुंबाचा फोटो काढला. आई, बाप, दोन मुलं, आणि घर म्हणून एक मोटार. चौघंही त्या गाडीत, चौघांच्याही नजरा लेन्सवर. 'लाइफ'मध्ये छापून आल्यावर वाचकांनी मदत पाठवली. १९९४ मध्ये ती त्यांना पुन्हा भेटली तेव्हा हे कुटुंब कॅलिफोर्नियातल्या लानो इथे एका पडक्या जागेत राहत होतं आणि हाल संपलेले नव्हते. तसाच १९९० चा नॉर्थ कॅरोलायनातला अमांडाचा फोटो: नऊ वर्षांची मुलगी लहान मुलांच्या प्लास्टिकच्या हौदात उभी राहून ऐटीत सिगारेट ओढतेय, मागे तिची नात्यातली बहीण. मार्क गेल्यानंतर एका वार्ताहराने या अमांडाला शोधून काढलं. लोक हा फोटो बघतील आणि आपल्यासाठी काहीतरी बदलेल असं लहानपणी वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही, अशा अर्थाचं ती बोलली. कोणाचाही फोटो काढताना मी हे लक्षात ठेवते आणि आधीच सांगते: यातून तुमची मजुरी वाढणार नाही, उचल फिटणार नाही. असं सांगितल्यावर काही जण फोटो नको म्हणतात. म्हणू द्यावं.

याच रीतीचा जरा उजेडातला नमुना हवा असेल तर तिचं भारतीय सर्कशीवरचं काम बघा. १९८९-९० मध्ये तिने आपल्याकडच्या १८ सर्कशींबरोबर फिरून ते केलं. सर्कस ही तशी मराठी माणसाने, विष्णुपंत छत्र्यांनी, १८८० मध्ये या देशात उभी केलेली गोष्ट; तिचा उतरता काळ मात्र एका परदेशी बाईने इतका मन लावून टिपला. अहमदाबादला काढलेल्या फोटोत रामप्रकाश सिंग हा रिंगमास्टर लष्करी थाटाच्या पोशाखात उभा आहे आणि श्यामा हत्तिणीची सोंड त्याच्या गळ्याभोवती आहे. यात लपवाछपवी काहीच नाही, माणूस पोज देतोय, हत्तीणही जवळपास तेच करतेय. तरी त्या दोघांचं नातं दिसतं. तुमच्या ओळीत उभ्या राहणाऱ्या मजुरांसाठी मला हा फोटो सगळ्यांत उपयोगी वाटतो. त्यांना 'सहज राहा' म्हणू नका. कोणासोबत, कशासोबत, कुठे उभं राहायचंय, ते विचारा. आपण थापलेल्या विटांपुढे, गाढवापाशी, नव्या साडीत, जे सांगतील ते. सांगताना माणूस त्याच्या नकळत बरंच काही सांगून जातो.

पैशाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण इतका वेळ एखाद्या विषयाला द्यायचा म्हणजे तो प्रश्न येणारच. मार्कची मोठी कामं दुसऱ्याच्या पैशावर सुरू झाली. सिनेमाच्या सेटवरचे फोटो हा तिच्या पोटापाण्याचा भाग होता. इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या सेटवर ती १९६९ मध्ये होती, 'अपोकॅलिप्स नाउ' या चित्रपटाच्या वेळी फिलिपिन्समध्ये तिने नट मार्लन ब्रँडोच्या टकलावर किडा फिरत असतानाचा फोटो काढला. वॉर्ड ८१ सेटवरच्या कामातून निघालं, टायनी मासिकाच्या कामातून. नामवंतांची पोर्ट्रेट्स आणि कार्यशाळाही चालूच असत. तुम्ही लग्नाचे फोटो काढत असाल तर त्यात कमीपणा मानू नका. तिथे पोज घेणाऱ्या माणसांचा जो सराव होतो तो भट्टीवर कामाला येतो.

राहिली लहान मुलं, कारण भट्टीवर ती असणारच आणि फोटोत सर्वांत आधी तीच येतील. मार्कने जे १९८० च्या आसपास छापलं ते आज भारतात तुम्हाला छापता येणार नाही, आणि ते बरंच आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करायला पॉक्सो कायद्याच्या कलम २३ ने बंदी आहे. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ आणखी पुढे जातं: काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. कामगार कायदे मोडून राबवलं जाणारं मूल त्यात मोडतं. म्हणजे विटा वाहणाऱ्या मुलाचा चेहरा तुम्ही समाजमाध्यमावर टाकलात तर मालकाच्या आधी तुम्हीच अडचणीत येऊ शकता, मूल तर येतंच. अशी फ्रेम काढलीत तर ती जपून ठेवा, प्रसिद्ध करू नका, आणि मूल धोक्यात आहे असं वाटलं तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करा. आईच्या मांडीवर खेळणारं, शाळेत जाणारं मूल वेगळं. तिथे आईबापांना विचारून, फोटो कुठे दिसेल ते मोबाइलवर दाखवून मग ठरवा.

मोठ्यांच्या बाबतीतही प्रत्येक फोटोबरोबर नाव, गाव, तारीख वहीत लिहा, पण छापताना काय द्यायचं ते त्या माणसाला विचारून ठरवा. भट्टीचं नाव दिल्याने मालक कुटुंबावर राग काढणार असेल तर ते गाळा आणि फाइलमधलं लोकेशनही पुसून टाका. आणि पावसाळ्यापूर्वी भट्टी उठेल तेव्हा ही कुटुंबं कुठल्या गावाला जाणार, हे आत्ताच विचारून ठेवा, कारण पुढच्या दिवाळीनंतर ती याच भट्टीवर येतील याची खात्री नसते.